बाळाला जुलाब लागले: मापून पाजायचं पाणी, झिंक आणि दवाखान्याची वेळ

जुलाबात बाळ दगावतं ते शीबरोबर गेलेलं पाणी आणि क्षार वेळेत परत न मिळाल्यामुळे. घरातली धडपड मात्र बहुतेक वेळा शी थांबवण्यासाठी चाललेली असते. पाणी दिलं तर आणखी होईल म्हणून पाणी कमी होतं, अंगावरचं दूध बंद होतं, शेजारच्या मेडिकलमधून ‘संडास बंद व्हायचं’ औषध येतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाळ मलूल होतं. खरं तर काम उलट आहे. शी तिच्या वेळेने, साधारण पाच ते सात दिवसांत, थांबते. आपण तोवर जितकं गेलं तितकं भरत राहायचं.

हे जुलाब आहेत का?

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ, पिवळी, दही फुटल्यासारखी कणीदार असते. दिवसातून आठ-दहा वेळा, दूध पिता पिताही होते. तेच बाळ पुढे दोन-तीन महिन्यांचं झालं की चार-पाच दिवस शी करत नाही, तेही चालतं. बाळ नीट पितंय, शू भरपूर होतेय, वजन वाढतंय, तर त्याला औषधाची गरज नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात शी काळ्यावरून हिरवट आणि मग पिवळी होत जाते, त्यालाही हिरवे जुलाब समजू नका.

जुलाब म्हणायचे ते नेहमीपेक्षा बदल झाला तर: शी एकदम पाण्यासारखी झाली, लंगोटात फक्त ओल आणि डाग उरला, वास बदलला, खेपा अचानक वाढल्या. वरचं खाणाऱ्या मुलाला दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली की जुलाब धरावेत. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांत रोटाव्हायरस हा मोठा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

दात येताना जुलाब होतात हा समज घराघरांत आहे. त्यामागचा योगायोग समजून घेतला तर फसगत टळते. सहाव्या महिन्याच्या सुमाराला आईकडून आलेलं संरक्षण ओसरतं, बाळ पालथं पडून पुढे सरकू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं. जंतू पोटात जायची ही वेळ आणि दात यायची वेळ एकच. ‘दाताचे आहेत’ म्हणून दोन दिवस वाट पाहिली तर ते दोन दिवस वाया जातात.

ओआरएस बनवायची पद्धत

पहिली पातळ शी झाली की लगेच ओआरएस, म्हणजे ग्लुकोज आणि क्षारांचं मापून बनवलेलं पाणी, सुरू करायचं. बाळ सुकल्यासारखं दिसेपर्यंत थांबायचं नाही. पाकीट आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात मोफत मिळतं. मेडिकलमध्ये घेताना त्यावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ (जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र) असं लिहिलेलं बघा. एक लिटरच्या पाकिटात साडेवीस ग्रॅमच्या आसपास पावडर असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. एका बाळासाठी तीच बरी, कारण उरलेलं फेकावं लागत नाही.

१. हात साबणाने धुवा. भांडं, चमचा, झाकण धुऊन घ्या.

२. पाणी उकळून पूर्ण थंड करा. पावडर घातल्यावर पाणी पुन्हा उकळायचं नाही.

३. पाणी मोजा. मोठ्या पाकिटासाठी एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली असते ती माप म्हणून वापरा. घरातला तांब्या, फुलपात्र, स्टीलचा पेला यांचा भरवसा नाही, एकाच दुकानातले दोन पेले १५० आणि २५० मिलीचे निघतात. छोट्या पाकिटाला दुधाच्या बाटलीवरच्या खुणा किंवा औषधाचं मापाचं झाकण वापरून एकदा २०० मिली मोजा आणि त्या पेल्यावर खूण करून ठेवा.

४. संपूर्ण पाकीट एकदम घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा.

५. चाखून बघा. अश्रूंइतपत खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट लागलं तर माप चुकलंय, ते ओता आणि नवं बनवा.

६. झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या, त्यात जंतू वाढतात.

जिथे चूक होते ती जागा पाचव्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या पायरीची. लिटरच्या पाकिटातली चिमूट-चिमूट पावडर काढून दर वेळी अर्ध्या पेल्यात कालवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन गोष्टी बिघडतात. पाकिटातले चार घटक एकसारखे मिसळलेले राहतात असं नाही, त्यामुळे एका चिमटीत मीठ जास्त येतं, दुसरीत ग्लुकोज. आणि अंदाजाने घातलेली पावडर बहुधा जास्त पडते. घट्ट ओआरएसमुळे रक्तातलं सोडियम वाढतं, बाळ चिडचिडं होतं, तहान भागत नाही, झटकेही येऊ शकतात. पातळ केलं तर क्षार पुरत नाहीत. दुधात, रसात, सरबतात पाकीट मिसळायचं नाही. चव यावी म्हणून साखर घालायची नाही.

साखर का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आतड्याच्या आतल्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. जुलाबात आतडं सुजलेलं असलं तरी ही वाट बहुतेक वेळा चालू राहते, म्हणून तर तोंडाने पाजलेलं पाणी अंगी लागतं. पण दोघांचं प्रमाण जमलं पाहिजे. आजच्या पाकिटात दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल (वजनाचं नाही, कणांच्या संख्येचं माप), म्हणजे बरोबरीने असतात. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने आधीच्यापेक्षा सौम्य असं हे मिश्रण ठरवलं. साखर जास्त झाली की उलटं घडतं: न शोषलेली साखर अंगातलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

म्हणूनच कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस, ग्लुकोज पावडरचं पाणी हे जुलाबात चालत नाही. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. बाजारात बरीच वर्षं ओआरएस असं नाव लावून गोड, फळांच्या चवीची पेयं टेट्रापॅकमध्ये विकली जात होती आणि मेडिकलवाले तीच हातात ठेवत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट हातात घेऊन घटक वाचा. तयार द्रवरूप ओआरएस घ्यायचंच असेल तर त्यावरही डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं असलं पाहिजे.

पाकीट मिळेपर्यंत घरची जलसंजीवनी: एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, सुरीच्या पाठीने वरून सपाट केलेला. शीग लावलेला चमचा चालणार नाही, मिठाचा तर मुळीच नाही. यात पोटॅशियम नसतं, म्हणून हा तात्पुरता उपाय. पाकीट आलं की त्यावर जायचं. एक वर्षाखालच्या बाळाच्या पाण्यात साखरेऐवजी मध घालू नका, मधातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

किती आणि कसं पाजायचं

प्रत्येक पातळ शीनंतर:

दोन महिन्यांखालच्या बाळाला ५ चमचे (आणि त्याच दिवशी डॉक्टर, त्याबद्दल पुढे);
दोन महिने ते दोन वर्षं, ५० ते १०० मिली;
दोन ते पाच वर्षं, १०० ते २०० मिली.

हे नेहमीच्या दुधा-खाण्याच्या वर आहे, त्याऐवजी नाही. मधल्या वेळात मूल मागेल तेवढं द्या. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवा, अंगावरचं दूध आणि मोठ्या मुलाला साधं पाणी द्या, आणि डॉक्टरांना दाखवा.

बाळाला मांडीवर डोकं उंच धरून, वाटी-चमच्याने पाजा. आडवं झोपवून तोंडात ओतलं तर ठसका लागतो. बाटलीने घटाघटा प्यायला दिलं की पोट एकदम भरतं आणि सगळं उलटून बाहेर येतं, शिवाय निपलच्या भोकात आणि बुडाशी जंतू साचतात. बोंडल्याचंही तसंच, चोच आतून कधीच नीट घासली जात नाही. वाटी-चमचा साधा, धुवायला सोपा.

दोन वर्षांखालच्या मुलाला एक-दोन मिनिटांनी एक चमचा, मोठ्याला पेल्यातून घोट घोट. हे काम कंटाळवाणं आहे आणि खरी कसोटी इथेच लागते. एक चमचा ५ मिलीचा, दर दोन मिनिटांनी दिला की तासाला १५० मिली होतात. आठ किलोच्या बाळाला बेताचं पाणी कमी झालं असेल तर चार तासांत किलोला ७५ मिलीप्रमाणे ६०० मिली लागतात, म्हणजे नेमका हाच वेग. दवाखान्यात नर्सच्या देखरेखीखाली हेच करतात. घरातली दोन माणसं आळीपाळीने बसली तर जमतं. रात्रीही. रात्रभर झोपलंय म्हणून जुलाब झालेल्या बाळाला आठ तास कोरडं ठेवायचं नाही. शी झाली की उठवून पाजा.

उलटी झाली की आया घाबरून सगळं बंद करतात. तसं करू नका. दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. उलटीत पाजलेलं सगळंच पडत नाही, बराच भाग तोवर पुढे सरकलेला असतो. थोडं थंड केलेलं ओआरएस मुलं जास्त आवडीने घेतात. उलट्यांचं औषध आपल्या मनाने देऊ नका. डॉक्टर एखादाच डोस देऊन बघतील.

ओआरएसने शी कमी होत नाही. पहिल्या दिवशी तर पोटात जास्त गेल्यामुळे वाढल्यासारखीही वाटते. ‘एवढं पाजलं तरी थांबेना’ म्हणून दुसऱ्या दिवशी लोक ते सोडून देतात, आणि नेमकं तेव्हाच ते सर्वांत जास्त लागत असतं. ओआरएस लागू पडतंय हे शीवरून नाही, बाळावरून ओळखायचं: शू होतेय, डोळ्यांत तेज आहे, खेळतंय, तोंड ओलं आहे.

‘सलाईन लावा, लवकर बरं होईल’ असा आग्रह दवाखान्यात खूप होतो. बाळ पिऊ शकत असेल तर सलाईनची गरज नसते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आलं. आईच्या हातातल्या चमच्यावर विश्वास ठेवायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

झिंक चौदा दिवस

ओआरएसच्या जोडीला झिंक पहिल्या दिवसापासून. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १४ दिवस. सरकारी पुरवठ्यातली विरघळणारी गोळी २० मिलिग्रॅमची असते, लहान बाळाला अर्धी. चमच्यात आईचं दूध, ओआरएस किंवा उकळून थंड केलेलं पाणी घेऊन त्यात गोळी टाका, मिनिटाभरात विरघळते. सिरप घेतलं तर बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते वाचा, १० आणि २० अशा दोन्ही बाटल्या मिळतात.

चव धातूसारखी लागते. रिकाम्या पोटी दिलं तर उलटी होते, म्हणून काही खाल्ल्या-प्यायल्यावर द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर एकदा पुन्हा द्या. जुलाब चौथ्या दिवशी थांबले की झिंकही थांबतं, असं बहुतेक घरांत होतं. पुढचे दहा दिवस त्या आजारासाठी नसतातच मुळी. आतड्याचं अस्तर भरून यायला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागू नयेत म्हणून ते असतात. कॅलेंडरवर खुणा करा.

दूध आणि खाणं

अंगावरचं दूध कधीही बंद करायचं नाही. उलट जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दूध आणि ओआरएस एवढंच, साधं पाणी, ग्राइप वॉटर, डाळीचं पाणी काही नको. डब्याचं दूध सुरू असेल तर नेहमीच्या मापानेच द्या, पातळ करू नका.

सहा महिन्यांवरच्या मुलाला उपाशी ठेवू नका. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. मीठ घातलेली भाताची पेज, मऊ भात आणि वरण, मुगाच्या डाळीची खिचडी, दही-भात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, ताजं ताक. खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल घाला, त्याने जुलाब वाढत नाहीत आणि थोड्या घासात जास्त ताकद मिळते. केळं आणि शहाळ्याच्या पाण्यातून पोटॅशियम मिळतं. पण शहाळं ओआरएसची जागा घेत नाही, त्यात सोडियम फार कमी असतं. नुसत्या साबुदाण्याच्या किंवा आरारूटच्या पेजेवर तीन-चार दिवस काढू नका, शी घट्ट दिसेल पण पोटात पिठाशिवाय काही जाणार नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, गमावलेलं वजन तेव्हा भरून निघतं.

ढुंगण लाल झालं असेल तर सुगंधी वाइप्स बाजूला ठेवा. कोमट पाण्याने धुऊन, हलकं टिपून, झिंक ऑक्साइडचं मलम जाड लावा आणि दिवसातून काही वेळ लंगोटाशिवाय मोकळं ठेवा.

सोबत ताप असेल तर

पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गोंधळ होतो तो बाटल्यांच्या ताकदीत. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि डीएस किंवा २५० लिहिलेल्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागतं: थेंबांच्या बाटलीतून १.२ मिली, १२०च्या सिरपमधून ५ मिली, २५०च्या सिरपमधून २.४ मिली. मोठ्या भावंडाच्या बाटलीतून ‘नेहमीसारखं एक झाकण’ दिलं की दुप्पट जातं, आणि थेंब चमच्याने दिले तर चौपटीहून जास्त. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरा. जुलाबात पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या काखेतला ताप ९९.५ फॅरेनहाइट किंवा वर असेल तर औषध देत बसू नका, दवाखाना गाठा.

अंगातलं पाणी किती गेलंय, हे बघायचं कसं

दर दोन-तीन तासांनी पाच गोष्टी बघा.

वागणं: चिडचिडं, सारखं किरकिर करणारं बाळ म्हणजे पाणी कमी होतंय. गप्प, ढिलं, उठवूनही न उठणारं बाळ म्हणजे फार कमी झालंय. किरकिर थांबून शांत झालं याचा अर्थ बरं वाटतंय असा घेऊ नका. हाच गैरसमज सर्वांत महागात पडतो.

डोळे आणि टाळू: डोळे खोल गेलेत का, हे आईला विचारा, तिला नेहमीचा चेहरा माहीत असतो. बाळ मांडीवर सरळ धरलेलं, शांत असताना टाळूवर हात फिरवा, खड्डा लागतो का बघा. रडताना टाळू वर येते, तेव्हा बघून उपयोग नाही. टाळू बसली म्हणून तेल थापणं किंवा टाळू वर ओढायचा प्रयत्न करणं याने काही होत नाही, पाणी भरलं की ती आपोआप वर येते.

पिणं: चमचा पुढे केला की हपापल्यासारखं पितंय म्हणजे पाणी कमी आहे. पितच नाही, तोंडातून बाहेर येतं, म्हणजे ताबडतोब दवाखाना.

कातडी: बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीने उभ्या रेषेत चिमटीत धरा, सेकंदभर धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळू गेली तर पाणी कमी. दोन सेकंदांहून जास्त घडी राहिली तर अतिशय कमी. गुटगुटीत बाळात ही घडी चटकन जाते आणि कुपोषित बाळात एरवीही हळू जाते, म्हणून एकट्या चिमटीवर निर्णय घेऊ नका.

शू: सहा तासांत एकदाही झाली नाही तर काळजीचं. डायपरमधला जेल शू शोषून घेतो आणि पातळ शीत ती मिसळून जाते, मुलींच्या बाबतीत तर कळतच नाही. आजारपणात दिवसा सुती लंगोट बांधा, किंवा डायपरमध्ये पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवून त्याचा ओलेपणा बघा.

दवाखाना, वेळ न घालवता

दोन महिन्यांखालचं बाळ असेल आणि खरोखर जुलाब असतील तर त्याच दिवशी. खालच्यांपैकी एकही गोष्ट दिसली तर कोणत्याही वयात, रात्री-अपरात्रीही:

बाळ सुस्त पडलंय किंवा झटका आला;
काहीच पीत नाही, किंवा चमच्या-चमच्याने देऊनही सगळं उलटतंय;
डोळे खोल, शू बंद, कातडीची घडी राहते;
शीत रक्त;
उलटी हिरवी किंवा पित्ताच्या रंगाची (हे आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं, वाट बघायची नाही);
पोट फुगून टणक झालंय;
श्वास भरभर चालतोय, हातपाय गार पडलेत;
दर तासाला दोन-तीन मोठे पाण्यासारखे जुलाब.

एक वेगळं लक्षण लक्षात ठेवा. साधारण तीन महिने ते दोन वर्षांचं बाळ पाय पोटाशी घेऊन एकदम किंचाळतं, पाच-दहा मिनिटांनी शांत होतं, मग पुन्हा तसंच, आणि पुढे लाल जेलीसारखी शी होते. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. हा जुलाबाचा आजार नाही, काही तासांत उपचार लागतो, आणि लहान मुलांची सर्जरी होते असं रुग्णालय गाठावं लागतं.

निघताना ओआरएसची बाटली आणि चमचा सोबत घ्या आणि वाटेत पाजत जा. गाडीची सोय नसेल तर १०८ला फोन करा. डॉक्टरांना सांगायला चार गोष्टी लिहून ठेवा: जुलाब कधी सुरू झाले, आज किती वेळा, शेवटची शू किती वाजता, कोणतं औषध किती दिलं. १४ दिवस उलटूनही जुलाब थांबले नाहीत, किंवा वजन घटत चाललंय, तरी दाखवायला हवं.

काय देऊ नये

लोपेरामाइड किंवा आतड्याची हालचाल थांबवणारं कोणतंही औषध लहान मुलाला नाही. शी आत साचते, पोट फुगतं, बाळ गुंगीत जातं. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं मिश्र सिरप मेडिकलमधून सर्रास मिळतं, तेही नाही. अँटिबायोटिक शीत रक्त असेल, कॉलरा असेल तर डॉक्टर ठरवतील. इतर वेळी त्यानेच जुलाब लांबतात.

जायफळ उगाळून चाटवणं आपल्याकडे जुनं आहे. जास्त पडलं तर बाळाला गुंगी येते, आणि गुंगी हेच तर पाणी कमी झाल्याचं धोक्याचं लक्षण. मग औषधाची झोप कोणती आणि आजाराची कोणती, कुणालाच सांगता येत नाही. गुटी उगाळायची सहाण पाण्याने नुसती विसळलेली असते, तिच्यावरून नवे जंतू पोटात जातात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. चटक्याने पोट बरं होत नाही, जखमेतून जंतू शिरतात आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. कुणी सुचवलं तर त्या घरच्या आजींशी भांडण्यापेक्षा आशाताईंना सोबत बोलवा, त्यांचं ऐकलं जातं.

पुन्हा होऊ नये म्हणून

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको, उन्हाळ्यातही नको. बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी साबणाने हात. बाळाच्या शीत मोठ्यांच्या विष्ठेइतकेच जंतू असतात, म्हणून ती अंगणात किंवा मोरीत न टाकता संडासात टाका. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून निवळा, गाळा आणि मग खळखळून उकळा. पिण्याच्या हंड्यात हात बुडवून पेला भरू नका, दांडीचं ओगराळं ठेवा. सकाळची पेज दुपारी द्यायची असेल तर ती फ्रिजमध्ये हवी, आणि देताना वाफ येईपर्यंत गरम करून मग निववलेली.

रोटाव्हायरसची लस तोंडाने देतात: ६, १० आणि १४ आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या जोडीने. सरकारी केंद्रात मोफत आहे. ती सगळे जुलाब टाळत नाही, रोटाव्हायरसचे जीवघेणे टाळते. सहाव्या आठवड्याचा डोस चुकला असेल तर सोडून देऊ नका: सरकारी कार्यक्रमात पहिला डोस बाळ एक वर्षाचं होईपर्यंत घेता येतो, पुढचे दोन त्यानंतर चार-चार आठवड्यांनी. लसीकरणाचं कार्ड काढून त्यातली ही ओळ भरलेली आहे का ते बघून घ्या.